पोत्याचा टाका

देऊळगाव राजा
११ ऑगस्ट २०२४

प्रिय शीला,

अकोल्याच्या होस्टेलच्या मागच्या व्हरांड्यात दर गुरुवारी दुपारी शिवणाचा तास असायचा, आणि आपल्या दोघींत मिळून टाचण्यांची एकच उशी होती, आठवतं? तू तुझी पहिल्याच आठवड्यात हरवलीस. सिस्टर बेनेडिक्टा ओरडतील म्हणून मी माझी मधे ठेवली आणि वर्षभर आपण गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तू दोरा दातानं तोडायचीस. सिस्टर म्हणायच्या, "शीला, यू आर नॉट अ गोट." धम्मशीला असं पूर्ण नाव त्यांच्या जिभेला कधी पेललंच नाही. मग तू बकरीसारखी मान हलवायचीस आणि मला हसू आवरायचं नाही. त्या तासाला कधी काही विशेष घडलं नाही, तरी हल्ली दर बुधवारी मला तो व्हरांडा आठवतो.

बुधवारी माझ्याकडे बायका जमतात, हे तुला फोनवर सांगितलं होतं. माझं ऑपरेशन होऊन सात वर्षं झाली. नंतर शाळेतली समीक्षा आली, मग भाजीवाल्या अन्नपूर्णाबाई, आणि आता आम्ही अकरा जणी आहोत. सगळ्यांची एक बाजू काढलेली. एका बाजूला वजन नसलं की खांदा झुकतो, पाठ दुखते, ब्लाउज वर चढतो. बाजारातली रबरी वस्तू आपल्याकडच्या उन्हात अंगाला चिकटते. म्हणून आम्ही मऊ सुती कापडाच्या उश्या शिवतो. आत कापूस, आणि कापसाच्या पोटात वजनासाठी मोहरीची पुरचुंडी. सिस्टरांनी शिकवलेली टाचण्यांची उशीच ती, फक्त मोठी. अन्नपूर्णाबाई तिला वांगं म्हणतात. नवी बाई आली की आपला तराजू पुढे ओढून विचारतात, "भरताचं देऊ का मसाल्याचं?" बाई आधी दचकते, मग हसते. त्या हसण्यानं निम्मं काम होतं. त्यांनी स्वतःची उशी एकदा रात्रभर पाण्यात भिजत घातली आणि चौथ्या दिवशी मोहरीला कोंब आले. सगळ्यांना दाखवत होत्या, "पाहा वं, मले पीक आलं!"

आमच्यात एक रीत पडली आहे. उशीचं तोंड शेवटी शिवायचं ते मी. पाच वर्षं पार केलेल्या हाताचाच टाका पाहिजे, असं अन्नपूर्णाबाईंनी ठरवलं. मी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं, पण तेव्हा हसून होकार दिला.

सध्या माझा जीव गुंतलाय तो रुखमाबाईत. साखरखेर्ड्याची, भाजीच्या मळ्यात राबणारी, साठीची बाई. ऑपरेशननंतर केमो घेणारच नाही म्हणून बसली होती. मी पदर बाजूला करून माझा व्रण दाखवला तेव्हा म्हणाली, "तुमी सात वर्सं काढली ना ताई, मंग म्याबी काढीन. चाला." आठातले चार डोस झाले. दर खेपेला मी सोबत जाते. उरलेले चार तिनं घेतलेच पाहिजेत.

माझी वार्षिक तपासणी झाली. मी बरी आहे. थोडा खोकला आहे, तो कापसाच्या बारीक तंतूंचा. बाकी बरी आहे.

शिवणाच्या वहीतला तो सहा पाकळ्यांचा कागदी नमुना तुझ्याकडे अजून असेल का? माझ्या उश्या एका बाजूला कलंडतात. असला तर पाठव. इकडची काळजी करू नकोस, मी बरी आहे.

तुझी,
पुष्पा


सोनाळा
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय पुष्पे,

सप्रेम जयभीम. नमुना सोबत आहे. वही वाळवी लागता लागता वाचली. पाकळ्या कापताना कापड तिरकं धर, म्हणजे कलंडणार नाही. हे सिस्टरांनी सांगितलं तेव्हा तू व्हरांड्याबाहेरच्या झाडावरच्या चिंचा मोजत होतीस.

आता माझं ऐक. दर रविवारी आपण घरी पत्र लिहायचो आणि पाकीट बंद करण्याआधी सिस्टर ते वाचायच्या. म्हणून आपण काय लिहायचो? मी बरी आहे, जेवण चांगले आहे, मी बरी आहे. तुला गोवर झाला होता तेव्हा तू आईला बरी आहे असं चारदा लिहिलं होतंस. यावेळी एका पानावर तीनदा लिहिलंस.

पुष्पे, मी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. कापूस तुझ्या घरात सात वर्षांपासून आहे, मग खोकला आत्ताच काऊन आला? आणि तू फोन काऊन उचलत नाहीस? या महिन्यात मी नऊ वेळा लावला. गजेंद्ररावांनी एकदा उचलला आणि म्हणाले, ती गच्चीवर आहे. पाऊस धो-धो पडत होता, मला फोनमध्ये ऐकू येत होता. गच्चीवर काय करत होतीस, पावसात?

फोनवर मी तुझा श्वास ऐकीन, म्हणून तू पत्र लिहितेस. बरं, मीही पत्रच लिहिते. तपासणीत काय निघालं, ते सरळ लिही.

शीला


देऊळगाव राजा
८ सप्टेंबर २०२४

प्रिय शीला,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. दर वेळी उठले, कुठे दार नीट लावलंय का बघितलं, कुठे पाण्याची मोटर, आणि परत येऊन बसले. हल्ली मला एका जागी बसवत नाही. पोळी लाटता लाटता अंगणात जाते आणि कशासाठी आले ते विसरते.

आजार परत आला आहे. फुप्फुसात दोन ठिपके आहेत.

कळलं कसं, ते सांगते. सहा ऑगस्टला मी रुखमाबाईला घेऊन संभाजीनगरला गेले होते, तिच्या चौथ्या डोससाठी. माझा स्कॅन आधीच्या आठवड्यात झाला होता. डॉक्टर दोघींचे एकच. त्यांनी तिची फाईल बाजूला ठेवून माझी उघडली, मान वर केली आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. रुखमाबाई शेजारी स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. ते म्हणाले, आता कापून मोकळं होण्यासारखं हे नाही, पण गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन घेऊन बायका वर्षानुवर्षं राहतात. साखरेच्या आजारासारखं सांभाळत राहायचं. मी दोन-तीन प्रश्न विचारले, तेही इंग्रजीत. शीला, त्या भाषेचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. बाहेर आल्यावर रुखमाबाईनं विचारलं, "काय म्हने डाक्टर?" मी म्हटलं, "काही नाही. तुमचं सगळं ठीक आहे." जालन्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला काही कळलं नाही, याचंच मला बरं वाटलं.

घरी फक्त यांना ठाऊक आहे. गोळ्या सुरू केल्यात. पुण्याला मुलाला, सागरला, कळवलेलं नाही.

आता खरी अडचण. त्या दिवसापासून मला उशीचं तोंड शिववत नाही. सुई ओवते, उशी मांडीवर घेते, आणि हात थांबतो. कसला हा पाच वर्षं पार केलेला हात? त्या बायका माझा टाका घेऊन घरी जातात, तो छातीशी धरून झोपतात, आणि टाका कुणाचा तर माझा! हा वेडेपणा आहे, हे मलाही कळतं. तरी कपाटावर चार उश्या उघड्या पडल्यात. त्यातली एक रुखमाबाईची. चष्म्याचा नंबर बदललाय, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मी ठरवलंय. तिचा आठवा डोस ऑक्टोबरअखेर होईल, तोवर गप्प राहायचं. ती माझ्या सात वर्षांवर विसंबून सुई टोचून घेते. ती सात वर्षंच खोटी निघाली हे तिला कळलं, तर ती त्या बसमध्ये पुन्हा बसणार नाही. तिचा पाचवा डोस सत्तावीस ऑगस्टला झाला. तीन उरले. तू कुणाला बोलणार नाहीस, अशी शपथ घे. आपल्या त्या एका उशीची शपथ.

पुष्पा


सोनाळा
१९ सप्टेंबर २०२४

पुष्पे,

पत्र वाचलं आणि मळ्यापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा वाचलं. रडले की नाही, ते विचारू नकोस.

शपथ घेतली. पण तुझं चुकतंय. सात वर्षं खोटी कशी? ती तू जगलीस. समीक्षाला दवाखान्यात नेलंस, वांग्यांचे विनोद ऐकलेस. ठिपके आज आले म्हणून मागची सात वर्षं कोण परत घेणार?

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. माझ्या आईला गर्भाशयाचा कॅन्सर होता. मी नर्स, रिपोर्ट माझ्याच हातात आला. मी तिला सांगितलं, सूज आहे, उतरेल. अकरा महिने सांगत राहिले. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "शीले, पूर्ण गावाले मालूम होतं. मलेबी मालूम होतं. फक्त तुह्यासंगं बोलता नाही आलं, कारन तू सूज-सूज करत होती." चौदा वर्षं झाली. रोज एकदा तरी आठवतं.

माणसाला बातमीपेक्षा जास्त भीती कशाची वाटते, ते मी वॉर्डात पाहिलंय. दारातून आत येता येता बदललेल्या तोंडाची. पेशंट तोंड वाचतात, पुष्पे. त्यांना इंग्रजी येत नाही, पण तोंड वाचता येतं.

त्या चार उश्या शिवून टाक. तुझा हात अडत असेल तर दुसरीला दे. टाका म्हणजे काय औषध आहे? पण उघड्या ठेवू नकोस. रोज डोळ्यांसमोर उघडी पडलेली उशी बघून त्या बाईला काय वाटत असेल, याचा विचार कर.

शीला


देऊळगाव राजा
२० ऑक्टोबर २०२४

शीला,

महिनाभर उत्तर दिलं नाही, आणि आज देतेय ते चांगल्या मनानं नाही.

रुखमाबाई येईनाशी झाली. सतरा सप्टेंबरच्या डोसला मी पहाटेपासून स्टँडवर उभी होते. साखरखेर्ड्याची गाडी आली, रिकामी झाली, ती उतरली नाही. फोन मुलानं घेतला, म्हणाला, आई वावरात आहे, सोयाबीन काढणी चाललीय. आठ ऑक्टोबरचाही डोस गेला. आता फोन कुणी उचलतच नाही. इथे बालाजीच्या यात्रेची गर्दी, गाड्या भरून येतात आणि मी प्रत्येक गाडीचं दार बघत उभी राहते. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "ताई, तुमी कंडक्टर झाल्या का?"

पहिल्यांदा सोयाबीनला दोष दिला. मग मुलाला. मग वाटलं, तिला माझं कळलं असणार. पण कुणाकडून? हे बोलणार नाहीत. डॉक्टर बोलणार नाहीत. तिसरं माणूस एकच आहे. शीला, तू इतक्या तावातावानं लिहिलं होतंस की सांगून टाक. तू कुणाला काही बोललीस का? त्या भागात तुझ्या ओळखीच्या नर्सा आहेत. मला खरं सांग. मी रागावणार नाही. नाही, रागावेन. पण सांग.

ती शेवटची आली तो अकरा सप्टेंबरचा बुधवार. कपाटावरची स्वतःची उशी तिनं हातात घेतली, उघड्या तोंडातून आत बोट घालून मोहरीची पुरचुंडी चाचपली आणि मला म्हणाली, "ताई, माहं तोंड कवा शिवता?" मी म्हटलं, पुढच्या बुधवारी. "मागच्या बुधवारीबी हेच म्हनल्या होत्या. त्याच्या मागच्याबी." मी चष्म्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग समीक्षाच्या ब्लाउजले हुक कसा लावला आत्ता?" आणि उशी परत जागेवर ठेवली, जपून, जशी दुसऱ्याची असावी. चहा न घेताच गेली.

दोन डोस चुकले. डॉक्टरांना काय सांगू? तिनं आता नाहीच घेतले, तर ते माझ्यामुळे. माझा खोकला वाढलाय, पण त्याचं काही नाही.

पुष्पा


सोनाळा
२८ ऑक्टोबर २०२४

पुष्पे,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मी कुणालाही काही बोलले नाही. तू विचारलंस, त्याचं वाईट वाटलं. आता वाटत नाही. कारण शनिवारी सकाळी मी गाडीत बसले. सोनाळ्याहून शेगाव, शेगावहून चिखली, तिथून साखरखेर्डा. कंबर अजून दुखतेय.

रुखमाबाईचं घर मळ्यातच आहे. ती ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी देऊळगावच्या ताईची मैत्रीण म्हटल्यावर हात थांबला. नवरा कडूबा खाटेवरून म्हणाला, "पाह्य, घरापरेंत आले. आता तरी सांग यायले." ती म्हणाली, "तुमी तंबाखू खा, मले बोलू द्या." मग मला आत घेऊन गेली.

तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते, म्हणजे तुला ऐकू येतील.

"बाई, म्या अडानी आहो, आंधळी नाही. त्या दिवशी डाक्टरनं माही फाईल बाजूले ठेवली अन् ताईसंगं इंग्रजीत बोलाले लागला. माह्यासमोर काऊन इंग्रजी? ज्याचं मरन आलं, त्याच्यासमोरच असं बोलतात. ताईचं तोंड पांढरं पडलं, कापसासारखं. बाहेर येऊन म्हने, तुमचं सगळं ठीक आहे. मंग त्या दिवसापासून माहं वांगं शिवलं नाही. बाकीच्यायचंबी थांबवलं, मले समजू नये म्हनून. ताई मोठ्या मनाच्या आहेत. मरनाऱ्या बाईले टाका घालाचा कसा, म्हनून त्यायचा हात उठत नाही. मंग म्या तरी काऊन सुया टोचून घेऊ? जेवढे दिवस आहेत तेवढे वावरात काढीन."

पुष्पे, तुला कळतंय ना? तू इंग्रजीच्या आड तुझी बातमी लपवलीस आणि तिनं ती उचलून स्वतःची म्हणून घरी नेली.

तिनं सगळं वाटूनसुद्धा टाकलंय. दोन बकऱ्या लेकीला, नथ सुनेला, चांगलं लुगडं विहिणीला. हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले. तिनं मला पाणी दिलं.

मी सांगून टाकणार होते. शब्द ओठांवर आले होते. तुझी शपथ आडवी आली, आणि आईही आठवली. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ऐकण्यासारखं नाही. मी एवढंच म्हटलं, "तुमच्या फाईलमध्ये तसं काही नाही, हे मी नर्स म्हणून सांगते." ती म्हणाली, "ताईबी तेच म्हनल्या होत्या."

दिवाळी आहे, हे काढू नकोस. पाहुणे येणार, ते काढू नकोस. बस पकड. उशी सोबत ने.

शीला


देऊळगाव राजा
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय शीला,

आधी क्षमा मागते. विचारायला नको होतं.

तुझं पत्र धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, तशी मी करंजीचं सारण अर्धवट टाकून निघाले. हे म्हणाले, "गाडी काढतो." मी म्हटलं, "बसनंच जाते." सिंदखेड राजाला पाऊण तास दुसऱ्या गाडीची वाट पाहिली. पिशवीतली उशी दहा वेळा चाचपली. काय बोलायचं ते पाठ केलं आणि पोचेपर्यंत सगळं विसरले.

ती मिरचीची पोती शिवत होती. दाभण, सुतळी. मला पाहून उठली नाही. "काऊन आल्या?"

मी उभ्यानंच बोलले. "त्या दिवशी डॉक्टर इंग्रजीत बोलले, ते माझं होतं. तुमचं नव्हतं. माझा आजार परत आलाय. छातीत, आतल्या बाजूला."

दाभण पोत्यात तसंच राहिलं. "कवापासून?"

"त्याच दिवसापासून."

शीला, ती सुतळी बोटाला गुंडाळत राहिली. कडूबांनी तंबाखू मळणंसुद्धा थांबवलं. मग ती म्हणाली, "म्हंजे तीन महिने म्या तुमचं मरन माह्या अंगावर घेऊन बसली?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"अन् दोन बकऱ्या वाटून देल्या ना वं म्या! नथ सुनेले देली! ते आता कोन वापस देते?"

कडूबा म्हणाले, "बकऱ्या येतीन. नथ नाही येत. लिहून ठेव."

आधी तीच हसली. मग मी. हसता हसता मला खोकल्याची उबळ आली, आणि तिनं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिनं बराच वेळ काढला नाही. तेवढ्यात रागावलीसुद्धा, आणि रागावली ती खरं रागावली. "मले सांगाले काय झालं होतं? मी पाटी-पुस्तक नाही शिकली म्हनून मले समजलं नसतं? तुमी म्हनल्या असत्या, रुखमे, मलेबी परत झालं, तर म्या म्हनली असती, चाला, दोघी जाऊ. एकाच गाडीत तर जातो."

मी इतके दिवस तिचा आधार जपत होते. तिला तो आधार नकोच होता. तिला सोबत हवी होती.

मग म्हणाली, "आना ते वांगं." पिशवीतून तिनंच काढलं. मी सुई पुढे केली, सिस्टरांचा बारीक टाका दाखवायला लागले. तिनं सुई घेतली, दोरा दुहेरी केला आणि पोत्याचं तोंड शिवतात तसे चार लांब, ओबडधोबड टाके घालून, दर टाक्याला पीळ देत, करकचून गाठ मारली. "माल सांडू नये, एवढंच पाह्यचं असते. शोभेले काय कराचं?" दोरा दातानं तोडला. मला तू आठवलीस.

पाच नोव्हेंबरला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं, रागावले, आणि सहावा डोस दिला. चुकलेल्या दोन महिन्यांचं काय होईल, मी विचारलं, या वेळी मराठीत. ते म्हणाले, आज सांगता येत नाही. ते ऐकून ती म्हणाली, "बरं. सांगतलं तरी." सातवा पुढच्या मंगळवारी.

सहा तारखेच्या बुधवारी मी सगळ्यांना सांगितलं. ते काही नीट झालं नाही. अन्नपूर्णाबाई तराजूच्या साखळ्या सोडवत बसल्या, त्या गुंतलेल्या नव्हत्या. समीक्षा उठून गेली. तिची तिसरी वार्षिक तपासणी जवळ आलीय. चप्पलसुद्धा नीट घातली नाही, आणि पुढच्या बुधवारीही आली नाही. तुझं खरं असेल, सांगावंच. पण सांगितल्यावर सगळ्याच रुखमाबाईसारख्या हसत नाहीत, हे तू मला लिहिलं नव्हतंस.

कपाटावरच्या तीन उश्यांची तोंडं रुखमाबाईनंच शिवली. पोत्याच्याच टाक्यानं. 

पुष्पा


सोनाळा
९ डिसेंबर २०२४

प्रिय पुष्पे,

लिहिलं नव्हतं, खरं आहे. काही जणी उठून जातात. वॉर्डातही जायच्या. त्यांच्या मागे धावायचं नसतं, दार मात्र लोटून घ्यायचं नाही.

संक्रांतीच्या बुधवारच्या हळदीकुंकवाला मी येते. तिळाच्या वड्या मी आणीन, तू काही करू नकोस. वाण म्हणून उश्या वाटायच्या, ही कल्पना तुझीच ना? मग त्या कुणाला कोणती, ते लिहून ठेव, मला तोंडं ओळखता येणार नाहीत. आणि सागरला कळवलंस की नाही? नसेल तर मी कळवते, माझी शपथ संपली.

तुझी,
शीला


देऊळगाव राजा
१० जानेवारी २०२५

प्रिय शीला,

सागरला कळवलं. तो आलाय, दारापासून मोटरपर्यंत सगळं माझ्याआधी बघून येतो. माझीच सवय. छातीत पाणी झालंय, ते काढायला आणि औषध बदलायला मला सोमवारी संभाजीनगरला नेतायत. आठ-दहा दिवस लागतील. म्हणजे पंधराच्या बुधवारी तू असशील आणि मी नसेन. घाबरू नकोस, मी बरी आहे असं एकदाही लिहिणार नाही. दम लागतो. रात्री तीन उश्या पाठीशी लागतात. पण रुखमाबाईचा आठवा डोस झाला, सतरा डिसेंबरला. बसमध्ये तिनं सगळ्या गाडीला केळी वाटली.

कपाटाची किल्ली यांच्याकडे. आता लिहून घे.

वरच्या खणात नऊ उश्या आहेत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी टाचलीय. नव्या दोघी आहेत, एक मेहुणा राजा गावची आणि एक चिखलीची. त्यांना आधी अन्नपूर्णाबाईंशेजारी बसव, मग उशी दे. हसल्याशिवाय देऊ नकोस.

मोहरीचा डबा आणि कापसाची गोणी अन्नपूर्णाबाईंना. भिजवू नका म्हणावं. ऐकणार नाहीत.

मापांची आणि फोन नंबरांची वही समीक्षाला. ती येणार नाही, तू तिच्या घरी जा. उपदेश करू नकोस, तुला तो मोह होतो. वही दे आणि सांग, माझ्याकडे बघायचं नसेल तर बघू नकोस, पण तुझी तपासणी फेब्रुवारीत आहे आणि रुखमाबाई सोबत यायला तयार आहे. तिनं वही घेतली नाही तर उंबऱ्यावर ठेवून ये.

सहा पाकळ्यांचा नमुना तू परत नेऊ नकोस. तो भिंतीवर लावायचा, सगळ्यांना दिसेल असा.

खालच्या खणात लेसच्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी आहे, ते तुला. टाचण्यांची उशी आहे, हिरव्या मखमलीची, कोपऱ्यात डी अक्षर. ती तू हरवली नव्हतीस, शीला. मी माझ्या ट्रंकेत लपवली होती. नाहीतर तू व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसणार होतीस, त्या दुसऱ्या मुलीजवळ. पंचेचाळीस वर्षं सांगायचं राहून गेलं. आता राग काढायचा तर येऊन काढ.

उरली माझी स्वतःची उशी. ती सात वर्षं जुनी, आतला कापूस गोळे-गोळे झाला होता. काल उसवली, नवा कापूस भरला, मोहरीही बदलली. तोंड उघडंच ठेवलंय. ती रुखमाबाईला शिवायला द्यायची. सुतळी वापरू नको म्हणावं, दोऱ्यानं शीव. मी आल्यावर तिच्याकडून घेईन. पण गाठ मात्र तिच्या पद्धतीनं मारू दे.

पुष्पा